मे महिन्यातलं पाणी

उजवी चूल

डाळ एकच होती. रेजिनाने ती घरी सुपात निवडली होती आणि आता आचोळ्याच्या त्या उघड्या जमिनीवर, ताडाच्या फाटक्या सावलीत बसून, सगळ्यांच्या देखत मुठीमुठीने दोन टोपांत वाटत होती. एक मूठ इकडे, एक मूठ तिकडे. शेवटी थोडी उरली.

"ती पण अर्धी कर, आय," क्लेमेंटीन म्हणाली.

म्हातारीने लेकीकडे नुसतं पाहिलं आणि उरलेली डाळ कावळ्यांना फेकली.

टोप सारखे. तीन-तीन दगडांच्या चुली सारख्या. सरपण म्हणून झावळ्या आणि करवंट्या, त्याही सारख्या. फरक फक्त पाण्याचा. डाव्या टोपात गासच्या घरच्या विहिरीचं पाणी, तिच्या मुलाने, बॅप्टिस्टने, सकाळीच सायकलला कॅन बांधून रेल्वे फाटकापलीकडे आणलेलं. उजव्या टोपात इथलं, या जमिनीतल्या विहिरीचं. मचूळ पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही उकळली तरी दाणा सुटा तो सुटाच राहतो, हे या घरातल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

अटी ठरल्या होत्या. कुकर नाही. सोडा नाही. मीठही नाही, कारण मीठ पडलं की मग कुठली चव कुणाची हे कळायचं नाही, असं रेजिनाचं म्हणणं; तिने मिठाचा डबा घरीच ठेवला होता. जाळ घालायचा तो फक्त तिने. आणि शेवटची अट क्लेमेंटीनची होती. सेलिनने चुलीला हात लावायचा नाही.

म्हणून सेलिन विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती, हात पदराखाली घट्ट धरून. आपल्याच घराची डाळ, आपलीच सासू, आपलाच नवरा, आपलीच जमीन, आणि आपणच पाहुण्यासारख्या उभ्या. उजवीकडची डाळ शिजली तर पावसाळा संपताच इथे पाया खणायचा आणि वर दोन मजली इमारत उठवायची. नाही शिजली तर वाटेकरी बाहेर पडणार, आणि त्यांचे वाटे परत द्यायला सेलिन-बॅप्टिस्टकडे एकच गोष्ट होती. गासची, बावखलाच्या काठावरची केळीची वाडी. ती रेजिनाची होती. तिच्या नवऱ्याने रहाट हाकून जगवलेली. त्या तळ्याचं पाणी अजूनही तीच सकाळी उठून आधी बघायची, मग चूल पेटवायची.

वाडी जाणार ती आपल्या एका चुकीपायी. चूक केवढी? घोटभर. ही जमीन पाहायला ती पहिल्यांदा आली तेव्हा

जानेवारी

होता. नाताळचे कंदील अजून पडवीत लटकत होते. क्लेमेंटीन तेव्हा तिच्यासोबत नव्हती, रेजिना होती. दोघींनी जमीन विकणाऱ्या गंगारामच्या विहिरीतून पोहरा ओढला, ओंजळीने पाणी प्यायल्या, आणि सासू म्हणाली, "घे." बस. वाडीतली माणसं. जमीन म्हटली की आधी पाणी चाखायचं. गोड लागलं तर जमीन चांगली. गासमध्ये पाणी बारा महिने गोड असतं. म्हणून मे महिन्यात हे पाणी कसं लागतं, असं विचारावं हे दोघींच्या मनातही आलं नाही. रेल्वेच्या पूर्वेला खाडी जवळ आहे, उन्हाळ्यात खारं पाणी जमिनीखालून चालत येतं आणि कित्येक विहिरी मचूळ होतात, हे सेलिनला कुणीतरी नंतर सांगितलं. कुणीतरी म्हणजे सगळ्यांनीच.

चौऱ्याऐंशी साल. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला जो उठेल तो जमिनीचं बोलत होता. मुंबईचे शेठ गाडीतून उतरायचे, घड्याळ बघत स्टेशनपासून चालायचे आणि जितकी मिनिटं कमी तितका भाव जास्त लावायचे. सेलिन शिवणाचा वर्ग चालवायची, स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत. तिच्याकडे शेठसारखे पैसे नव्हते, गाडी नव्हती, घड्याळसुद्धा बॅप्टिस्टचं. पण तिच्या वर्गात पंचवीसेक बायका यायच्या, सगळ्या नव्या इमारतींतल्या, लालबाग-परळच्या चाळीतून इकडे राहायला आलेल्या. त्या झंपर बेतताना, काज करताना, उसवताना एकाच गोष्टीचं बोलायच्या. स्टेशनचं कुणी नाही बोलायचं. टँकर आला का. टँकर आला नाही. टँकरवाल्याने आज दोनच हंडे दिले. काल तिसऱ्या मजल्यावरची न्‌ दुसऱ्या मजल्यावरची एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या.

त्यातली एक बाई एके दिवशी काखेची शिवण उसवत सहज म्हणाली होती, "स्टेशन काय, नवरा चालत जाईल. पाणी काय चालत येणार नाही."

सेलिनच्या हातातली कात्री तिथेच थांबली होती.

घरी येऊन तिने बॅप्टिस्टला सांगितलं. शेठ लोक रस्ता बघतात, आपण विहीर बघायची. स्टेशनजवळची जमीन आपल्याला परवडत नाही, लांबची परवडते. लांब असूनही माणसं यावीत असं आपल्याजवळ काहीतरी पाहिजे. शिवाय आपण सातबाऱ्यावरचे शेतकरी, शेतजमीन आपल्याला सरळ घेता येते, शेठला वाकडं जावं लागतं. बॅप्टिस्टने रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाला, "काकांना विचार." हे त्याच्या परीने होकार देणंच होतं.

काकांनी वाटा टाकला. क्लेमेंटीनने टाकला. तिच्या नवऱ्याने, थॉमसने, तो सुतार होता, सगळ्या दारंखिडक्यांचं काम आपल्याला मिळणार म्हणून बायकोच्या वाट्याला मान हलवली. जमीन झाली. पाया घालायला खडी येऊन पडली. एप्रिल गेला.

मग दिवाकर आला. बॅप्टिस्टचा शाळेतला सोबती, सोपाऱ्याच्या वाडीवाल्यांपैकीच, पण आता एका शेठसाठी जमिनी बघत फिरणारा. तो सेलिनकडे गेलाच नाही. थेट राजोडीला गेला, क्लेमेंटीनच्या ओसरीवर बसला, ताक प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "ताई, ती आचोळ्याची विहीर मेमध्ये मचूळ होते म्हणतात. मला काय, ऐकलं ते सांगितलं."

घोट

मागच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे इथे आले होते. एकच तांब्या, एकच विहीर.

आलोशियस काका. बॅप्टिस्टचे चुलते, शाळेतून निवृत्त झालेले. इझाबेलचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलेलं. त्यांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. "जरा जड वाटतं," म्हणाले. वाटा परत मिळाला असता तर लग्नाला बरं पडलं असतं.

थॉमस. घटाघटा तांब्या संपवला. "साखर आहे." दारंखिडक्या.

क्लेमेंटीन. थुंकली. "मचूळ."

बॅप्टिस्ट. तांब्यात डोकावलं. मग: "पाणी आहे."

दिवाकर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी स्कूटर घेऊन हजर. आज संकष्टी, म्हणाला, आणि तांब्या परत केला. थॉमसने विचारलं, पाण्याची पण का?

गंगाराम. जमीन त्याचीच होती, अजूनही बांधापलीकडे राहायचा. "मना कोन इचारतंय? माझ्या घरा याच पान्यात डाळ शिजतं, बारा महिने." पण ज्याने जमीन विकली त्याच्या शब्दाला कोण धरतं?

रेजिना. प्यायली. तोंड पुसलं. "पंचवीस माणसं चाखतील तर पंचवीस चवी," एवढंच.

सेलिन. तिने शेवटी घेतला. आणि तिला कळेना. लहानपणापासून पाण्याची चव कळणारी जीभ, त्या दिवशी तिच्यावर काहीच उमटेना. भीती तेवढी लागली.

तेव्हा क्लेमेंटीन गंगारामकडे वळून म्हणाली होती, "मग शिजवून दाखवा. इथंच. सगळ्यांसमोर."

डावी चूल

आधी उकळी डावीकडे आली. यायचीच होती, ते घरचं पाणी.

बसलेल्यांच्या गप्पा उन्हासारख्याच वाढत चालल्या होत्या. आलोशियस काका साबणाचा फेस आणि जड पाणी यावर बोलत होते, कुणी ऐकत नव्हतं. दिवाकर स्कूटरच्या सीटवर आडवा बसून बॅप्टिस्टशी शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत होता. बॅप्टिस्ट हसत होता आणि हसताना चोरासारखा सेलिनकडे बघत होता. थॉमस खडीच्या ढिगावर चढून चौकटी कुठे कुठे येतील हे हाताने हवेत आखत होता. क्लेमेंटीनने त्याला खाली उतरायला सांगितलं. घर झालं नाही आणि हा दारं लावतोय, असं ती पुटपुटली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

मग ती सेलिनच्या शेजारी कठड्याशी येऊन उभी राहिली.

"जानेवारीत पाणी चाखलंस," क्लेमेंटीन म्हणाली. "जानेवारीत खाडीसुद्धा गोड लागेल."

"चुकलंच, बाय."

क्लेमेंटीनला भांडण हवं होतं. हे उत्तर तिला पुरेना. ती म्हणाली, "तुला चुकायला जागा आहे. बॅप्टिस्टला पगार आहे. मला लग्नात दोन पाटल्या दिल्या आणि दर मोसमाला केळीचा घड येतो. वाडी भावाची, बावखल भावाचं. आयुष्यात पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर माझं नाव लागलं. पाटल्या मोडून लावलं. आणि तू पाणी बघितलंस ते जानेवारीत."

सेलिनला ही गोष्ट ठाऊक होती, पण क्लेमेंटीनच्या तोंडून पहिल्यांदाच आली होती. तिला काही बोलावंसं वाटलं. तेवढ्यात वारा आला.

रोज यायचा तसाच आला, ऊन चढल्यावर पश्चिमेकडून, समुद्रावरून, फाटकापलीकडच्या वाड्यांवरून. आणि सेलिनला एकदम दिसलं. डावी चूल खडीच्या ढिगाच्या आडोशाला होती. मुद्दाम कुणी मांडली नव्हती. रेजिनाला जिथे सपाट दिसलं तिथे तिने दगड मांडले. उजवी चूल उघड्यावर. उजव्या चुलीतला जाळ टोपाच्या बुडाला लागतच नव्हता. वाऱ्याने आडवा होऊन दगडांमधून बाहेर जीभ काढत होता. झावळ्या भराभर जळत होत्या, टोप मात्र कोमट, आणि धुरात ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. म्हातारीचे डोळे धुराने पाणावलेले, ती दोन्हीकडे सारखंच सरपण सारत होती, इमानाने.

सांगायचं? सेलिनने तोंड उघडलं आणि मिटलं. आता बोललं तर काय दिसेल? डाळ शिजत नाही म्हणून सून वाऱ्यावर ढकलते. काका हसतील, दिवाकर मान डोलवेल, आणि क्लेमेंटीन तर जन्मभर ऐकवेल. तिने हात पदराखाली आणखी घट्ट धरले.

डावीकडची डाळ शिजली. रेजिनाने पळी बुडवली, पळीच्या पाठीने टोपाच्या कडेला दाबली, आणि डाळ लोण्यासारखी पसरली. सगळे पुढे झाले, पाहिलं, माना हलवल्या. मग म्हातारीने तीच पळी धुऊन उजव्या टोपात घातली.

दाणे. पिवळे, टपोरे, एक एक मोजून घ्यावेत असे.

थॉमस पुन्हा ढिगावर चढला होता, तो खाली आला. आलोशियस काकांनी उसासा टाकला, आणि त्या उसाशातच ते उठून दिवाकरच्या स्कूटरजवळ जाऊन उभे राहिले. जाणूनबुजून गेले असं नाही. पाय गेले.

दिवाकरने आवाज खाली आणला. वाईट वाटतं, म्हणाला. पण त्याच्या शेठचं मन मोठं आहे. जमीन आहे त्या भावात नाही, पण बऱ्यापैकी भावात घेतील, विहीर बुजवून टाकतील. वाडीला हात लावायची पाळी येणार नाही कदाचित. कदाचित, असं तो दोनदा म्हणाला. मग सेलिनकडे बघून: "वहिनी, तुम्ही विचार करा. आजच सांगा असं नाही. पण आजच सांगितलं तर बरं."

बॅप्टिस्टने बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडात आता एकच शब्द होता, वारा, आणि तो तिने गिळला. वाडीतली बावखलाकडची वाट तिच्या डोळ्यांपुढे आली, पहाटे तिथून येणारी म्हातारी, ओल्या पायांची. हो म्हणून टाकावं. निदान वाडी तरी

पुन्हा उजवी चूल

"ही काय चूल आहे?"

क्लेमेंटीन होती. ती आपला विजय बघायला टोपाशी गेली होती, पदराने टोप जरा कलता केला होता, आणि खाली बघून तिचा चेहरा वेगळ्याच कारणाने आक्रसला होता.

"जाळ बाहेर, टोप आत. आय, तू काय वाऱ्याला शेकतेयस?"

रेजिना म्हणाली की ती दोन्हीकडे सारखंच सरपण घालतेय.

"घाल, घाल. झावळ्या जाळून संपव." आणि ती उकिडवी बसली. एका हाताने वाऱ्याकडचा दगड आत सरकवला, दुसऱ्याने अर्धवट जळालेल्या करवंट्या पुढे ओढल्या, झावळीचा जळका देठ काढून बाजूला टाकला, आणि मग बघता बघता सगळं अंग फिरवून वाऱ्याकडे पाठ करून बसली. राजोडीच्या किनाऱ्यावर आयुष्यभर चूल पेटवलेली बाई. वारा कुठून येतो हे तिच्या पाठीला कळायचं. तिने फुंकर घातली. जाळ सरळ उभा राहिला आणि टोपाच्या बुडाला चिकटला.

सेलिन बघत होती. हे क्लेमेंटीनच्या लक्षात येतंय का? नाही. तिच्या लक्षात एवढंच होतं की समोर एक चूल नीट पेटत नाहीये. कुणाची, कशासाठी, शिजली तर कुणाचं खरं ठरणार, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातच नव्हतं.

"ताई," दिवाकर म्हणाला, "मी काय म्हणतो..."

"थांब जरा," क्लेमेंटीन म्हणाली, मागे न वळता. "चूल बघू दे."

थॉमसने हळूच खिशातून विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली. गंगाराम बांधावरून उठून जवळ आला. आलोशियस काका स्कूटरपासून एक पाऊल इकडे सरकले, मग थांबले, मग आणखी एक. उजव्या टोपातून आधी बारीक बुडबुडे आले, मग कडेला पांढरा फेस धरला, मग फेस चढू लागला आणि क्लेमेंटीनने तो पळीने काढून मातीत टाकला. डाळ गरगर फिरायला लागली. दाणे वर येत होते, बुडत होते, पुन्हा वर येत होते, आणि दर खेपेला जरा मऊ, जरा बेढब होऊन. पाणी घट्ट व्हायला लागलं. मग उकळीचा आवाज बदलला. खळखळ गेली आणि जाड, सावकाश अशी एक बुदबुद सुरू झाली.

सेलिनला तो आवाज कळला. तिने कठडा धरला.

क्लेमेंटीनने पळीवर डाळ घेतली आणि एक दाणा बोटांत दाबला. तो गेला. दुसरा दाबला. तोही गेला. तिने पळी बुडाशी नेली, अगदी तळातला घेतला, जिथे शिजायचं राहिलं तर राहतं, आणि अंगठ्याखाली चिरडला. मग अंगठा बराच वेळ तसाच धरून बसली.

"आय," ती म्हणाली.

रेजिना उठली, गुडघे धरत आली, वाकून बघितलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. क्लेमेंटीनने वर पाहिलं ते सेलिनकडे. तिच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडेना. धुराने काळी झालेली कपाळाची एक रेघ, आणि डोळ्यांत पाणी, तेही धुराचंच असं तिने लगेच सांगून टाकलं.

सेलिन विहिरीच्या कठड्यावरच बसली, आत पडशील म्हणून बॅप्टिस्टने तिचा दंड धरला, आणि मग काय झालं कोण जाणे, तोच मोठ्याने हसत सुटला. या घरात त्याला असं हसताना कुणी ऐकलं नव्हतं. थॉमस हसला. काकाही हसले आणि हसता हसता म्हणाले की पाणी जड आहे असं ते म्हणाले होते, मचूळ असं कधीच म्हणाले नव्हते.

टँकर

डाळ म्हटली की वास जातो. बांधापलीकडे शेठची नवी इमारत होती, दिवाकरच्याच शेठची, वर्षभरापूर्वी भरलेली. तिच्या गच्चीवर आधी एक बाई दिसली, मग ती जिन्याने उतरून येताना दिसली, कमरेवर रिकामा हंडा. सेलिनने ओळखलं. मथुरा. शिवणाच्या वर्गातली, तीच, काख उसवणारी.

"टीचर, तुम्ही इथे? अहो, मी वरून बघतेय कधीची. विहिरीतून पाणी काढून डाळ लावली म्हटलं, शिजतेय का बघू." तिने टोपात डोकावलं आणि हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "आमच्याकडे आज टँकर आलाच नाही. आणि आला तरी त्या पाण्यात डाळ... सासूबाई म्हणतात मला स्वयंपाकच येत नाही."

बॅप्टिस्टने पोहरा सोडला आणि तिचा हंडा भरून दिला.

दिवाकर सगळं बघत होता. हुशार माणूस, हरलेल्या जागी तो जास्त वेळ थांबायचा नाही. एक पळी डाळ त्याने मागून घेतली, फुंकून खाल्ली, मान हलवली. मग बॅप्टिस्टला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला की झालं ते झालं, आता धंद्याचं बोलू. शेठच्या तिन्ही इमारतींना पाणी नाही. ही विहीर तुमची. रोज टँकर भरू द्या, दर टँकरमागे रोकड. घर बांधायची दगदग नको, वीट नको, सिमेंटच्या परमिटसाठी खेटे नकोत. बसून पैसे.

आलोशियस काकांचे डोळे चमकले. थॉमसही विचारात पडला. सेलिनला स्वतःलाच क्षणभर ते बरं वाटलं. इतकी भीती सोसल्यावर बसून मिळणारं काहीही बरं वाटतं.

"नाही," क्लेमेंटीन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती अजून चुलीपाशीच होती, पळी हातात.

"तुमच्या इमारतीत आमचं पाणी आलं, तर आमच्या इमारतीत कोण येईल? तुमच्या दोन स्टेशनजवळ, ही तिसरी बांधून तयार. आमची लांब. आमच्याकडे आहे ते हेच." तिने पळीने विहिरीकडे दाखवलं. "हंड्याने कुणीही नेऊ दे. प्यायच्या पाण्याला ना म्हणायचं नाही, आय बसलीय इथं. टँकरने नाही."

सेलिन तिच्याकडे बघतच राहिली. सहा महिने ती स्वतः हेच मनाशी घोळवत होती. काकांना समजावताना, बॅप्टिस्टला समजावताना तिला नीट शब्द सापडले नव्हते. आणि क्लेमेंटीनने चुलीपुढून न उठता सांगून टाकलं होतं.

"ताई," दिवाकर म्हणाला, "तुम्ही तर वाटा काढून घेणार होता."

"कोण म्हणालं?"

थॉमस एवढ्या मोठ्याने खोकला की कावळे उडाले.

दिवाकरने स्कूटरला किक मारली. जाताना मात्र वळून सेलिनला विचारून गेला, दोन खोल्यांचं घर केवढ्याला पडेल, त्याच्या मेहुण्यासाठी, सहज विचारतोय. सेलिन म्हणाली, पाया घातल्यावर या. हे तिने फार सावकाश म्हटलं, चव घेत.

मीठ

केळीच्या पानांवर दोन्ही डाळी वाढल्या, डावीकडची आणि उजवीकडची एकत्र, कारण आता वेगळ्या ठेवायचं कारणच राहिलं नव्हतं. पाव बॅप्टिस्टने येताना आणला होता. मथुरालाही बसवलं. सगळे हावऱ्यासारखे जेवू लागले. काकांनी दुसऱ्यांदा घेतली, थॉमसने तिसऱ्यांदा, गंगारामने बांधावर बसून पान चाटलं.

मथुराने पहिला घास घेतला, चावला, आणि अडखळली. पाहुणी होती, बोलावं की नाही तिला कळेना.

"टीचर," ती हळूच म्हणाली, "डाळीत मीठ नाही."

सगळ्यांचे हात थांबले. काकांनी पानातली डाळ बोटाने चाटून बघितली, जणू पहिल्यांदाच खात होते. खरंच, कणभर मीठ नव्हतं. एवढे घास गेले आणि एकालाही कळलं नव्हतं.

"आणलंच नाही," रेजिना म्हणाली. "घरी ठेवलंय."

"बघा," क्लेमेंटीन म्हणाली, "डाळ कावळ्यांना, मीठ घरी." फार हसण्यासारखं नव्हतं, पण हसायला सगळ्यांना कारण पाहिजेच होतं.

मथुरा हात धुऊन उठली. आणते, म्हणाली, आमच्याकडे आहे. भरलेला हंडा कमरेवर घेऊन ती बांध ओलांडून गेली; इमारतीच्या जिन्यात दिसेनाशी झाली. सेलिनने वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुणीतरी आधीपासून उभं होतं, इकडेच बघत.

मथुरा परत आली ती वाटीभर मीठ घेऊन. मागे तिचा नवरा, बनियनवर शर्ट चढवत, बटणं अजून अर्धी. तो कामगार माणूस, पहाटे निघून रात्री परतणारा, रविवारीही झोपेतून उठवून आणलेला दिसत होता. त्याने विहीर बघितली, खडीचा ढीग बघितला, पानं बघितली. मग तो लांब, फाटकाच्या दिशेने बघत राहिला, आणि सेलिनला वाटलं, आता म्हणणार, इथूनही स्टेशन लांबच.

क्लेमेंटीनने त्याच्यासाठी पान मांडलं, वर डाळ घातली आणि वाटीतलं मीठ चिमटीने शिंपडलं. तो बसला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. बायकोकडे बघितलं.

"वरचा मजला नको," तो म्हणाला. "आईला जिना चढवत नाही. तळमजल्याचं काही आहे का?"

सेलिनने उत्तर द्यायच्या आधी क्लेमेंटीन म्हणाली, "आहे. बसा, आधी जेवून घ्या," आणि वाटी पुढच्याकडे सरकवली.